वटक, बटाटा आणि बामी : तळीव पदार्थांच्या इतिहासातील एक प्रश्न

उमरगा हे सोलापूर-हैदराबाद मार्गावरील गाव. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथून फार दूर नाही. या मार्गावरील उपाहारगृहांतून मिळणारा बटाटावडा देशी म्हणावा की परकी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु खाद्येतिहासातील पुरावा कसा वाचावा, हे त्यावरून स्पष्ट होते.

चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात शके १०५१ (इ. स. ११२९) चा उल्लेख आहे. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा दुसरा खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील अन्नभोग प्रकरणात उडदाच्या वाटलेल्या डाळीचे तळलेले ‘वटक’ येतात. आपला ‘वडा’ हा शब्द याच ‘वटक’पासून आला. तिखटपणासाठी तेथे मिरे आहेत. मिरची नाही, बटाटाही नाही. ही दोन्ही पिके अमेरिका खंडातील असून पोर्तुगीज संपर्कानंतर ती इकडे आली. ‘बटाटा’ हे नावही पोर्तुगीजांकडूनच आले. उत्तरेत मात्र ‘आलू’ हा जुनाच शब्द नव्या कंदास लाभला.

आता हॉलंडमधील ‘बामीस्खैफ’ पाहू. ‘बामी’ हा चिनी शेवयांचा पदार्थ होक्कियन भाषिकांबरोबर जावात गेला व तेथे रुजला. १९४९ साली डचांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य मान्य केले. त्या सुमारास व त्यानंतर तेथून हॉलंडमध्ये आलेल्या लोकांमुळे या पाककृतींचा प्रसार वाढला. तेथे मसालेदार शेवयांची चकती करून, तिला पावाचा चुरा लावून ती तळली जाऊ लागली. चुऱ्याचे हे आवरण डच ‘क्रोकेट’चे होय.

दोन्ही उदाहरणांत नाव, घटक आणि कृती यांचे वय एक नाही. वड्याचे नाव व डाळीच्या पिठाचे तळण जुने, सारण नवे. बामीचे नाव व सारण दुरून आलेले, आवरण स्थानिक. म्हणून ‘वटक’ सापडला एवढ्यावरून बटाटावडा बाराव्या शतकात नेता येत नाही. तसेच बटाटा परदेशी, एवढ्यावरून वडाही परका ठरत नाही. शब्दाचे वय हे पदार्थाचे वय नव्हे. हा विवेक सुटला, तर खाद्येतिहास केवळ अभिमानाचे साधन होऊन बसेल.