घराजवळची लेणी : प्रस्तावना

कान्हेरीच्या शिलालेखांत दोन प्राकृत शब्द पुन्हा पुन्हा येतात: ‘लेण’ आणि ‘पोढी’. पहिला आपण ‘लेणे’ म्हणून आजही बोलतो. दुसरा, म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, आपण विसरलो. दहिसर, बोरिवली, मागाठाणे या पट्ट्यात राहणाऱ्या ज्या कोणाला आपल्या परिसरातल्या अनाम लेण्यांचा छंद लावून घ्यायचा असेल, त्याने हे दोन शब्द पहिल्यांदा शिकावेत. पुढचे बरेच काही त्यांतून उलगडत जाते.

चुनखडीच्या प्रदेशात पाणी खडक विरघळवत जाते आणि लांबच लांब नैसर्गिक गुहा तयार होतात. मेघालयात तशा पुष्कळ आहेत. आपल्या ज्वालामुखीय खडकात तसे घडत नाही. त्यामुळे साष्टीच्या डोंगरात अंधारे तोंड दिसले, की ती एक तर साधी कपार असते, नाही तर माणसाने छिन्नीने कोरलेले लेणे. हा फरक ओळखणे हीच या अभ्यासाची पहिली परीक्षा. बॅटरीचा झोत भिंतीवर समोरून न टाकता कडेने, तिरपा टाकावा. छिन्नीचे घाव ओळीने उभे राहतात. मग उंबऱ्याजवळ दाराच्या चौकटीची भोके शोधावीत, भिंतीलगतचा दगडी ओटा पाहावा, छपरावरून पाणी बाहेर वळवणारी पन्हळ कुठे आहे ते पाहावे. आणि पोढी आहे का?

पोढीचा प्रश्न किती मोलाचा असतो याचे ताजे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. गेल्या दशकात मुंबई विद्यापीठ आणि पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातील अभ्यासकांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सात अज्ञात बौद्ध लेणी सापडली. त्या लेण्यांजवळ पाण्याची टाकी नाहीत, यावरून ती कान्हेरीची जलव्यवस्था उभी राहण्याआधीची, भिक्षूंच्या वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाची असावीत, असा तर्क मांडला गेला. शंभराहून अधिक लेण्यांची कान्हेरी दीड शतकाहून जास्त काळ अभ्यासली जात असताना तिच्या आसपासच्या रानात हे शिल्लक होते, याचा मला आजही हर्ष वाटतो.

हौशी माणसाने या क्षेत्रात काय करायचे, अशी शंका येईल. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे चरित्र आठवावे. जुनागढचा हा मुलगा विद्यापीठाची पायरी न चढता गिरनारच्या शिलालेखाची अक्षरे लावू लागला. पुढे मुंबईत राहून १८८१ साली जेम्स बर्जेस यांच्यासह त्यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. उकरण्याचा अधिकार आज आपल्याला नाही, आणि नसावाच. पाहण्याचा, मोजण्याचा आणि नोंदवण्याचा मात्र आहे.

ही नोंद किती निकडीची आहे ते मागाठाण्यात कळते. कान्हेरीच्या एका लेखात तिथल्या शेताचे दान नोंदलेले आहे. म्हणजे ते गाव, तिथली शेती आणि डोंगरावरचा संघ यांचा व्यवहार दगडावर लिहिला गेला. त्याच मागाठाण्याची लेणी आज वस्तीने इतकी वेढली आहेत, की शेजारून जाणाऱ्याला ती दिसत नाहीत. तिथे खांबाचे एखादे मोजमाप, एखादे रेखाटन वेळेवर झाले असते, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती काही लागले असते.

लोक तुम्हाला भुयाराची गोष्ट नक्की सांगतील: इथून वाट थेट कान्हेरीला निघते म्हणून. ती वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या, सांगणाऱ्याचा मान ठेवून. भुयार म्हणून दाखवलेली जागा पुष्कळदा गाळाने भरलेली पोढी असते. तिच्यात उतरू नका. राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि एकट्याने कधीही जाऊ नये. तिथे बिबटे आहेत, कड्यांवर आग्या मोहोळे आहेत. आत वटवाघळे असतील तर मागे फिरावे. ते त्यांचे घर आहे. अक्षरांवर खडू फिरवणे, शेंदूर खरवडणे, दगड उचलून घरी आणणे, यांना क्षमा नाही.

सुरुवात मंडपेश्वरापासून करावी. तुळशी तलावाच्या सांडव्यापासून खाली येणारी दहिसर नदी याच परिसरातून खाडीकडे जाते. इथे एकाच टेकडीत शैव लेणे आणि माथ्यावर पोर्तुगीजकालीन ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. नटराजाचे शिल्प पाहा, आणि जुने शिल्प तासून घडवलेला क्रूसही पाहा. कोणाचीही बाजू न घेता दोन्हींची मापे घ्या. पावसाळा सरल्यावर, सोबत एखादा मित्र, मोजपट्टी, होकायंत्र, पेन्सिल आणि कोरी वही घेऊन जा; आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालायला विसरू नका.