वेस, कंदील आणि खुनांचे आकडे

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या पंगतीला माझ्या शेजारी मंडळातल्या एक ताई बसल्या होत्या. त्यांची मुलगी ऑगस्टमध्येच अमेरिकेत, सेंट लुइसला, शिकायला गेली. मुलगी गेल्यावर कोणीतरी त्यांना त्या शहरातल्या खुनांचे आकडे मोबाइलवर दाखवले, आणि तेव्हापासून बाईंची झोप उडाली होती. "सर, तुम्ही इतिहासवाले. असं शहर असतं का हो? इथे मी रात्री बाराला एकटी गाडी चालवत घरी येते." पंगतीतल्या चार-पाच जणांनी लगेच दुजोरा दिला. कोणाची विसरलेली पर्स परत आली होती, कोणी गाडी चालू ठेवून दुकानात जात होते. मी तोंडातला मोदक सांभाळत काहीतरी गुळमुळीत धीर दिला. नीट उत्तर द्यायचे राहून गेले, ते इथे देतो.

आधी सेंट लुइस. आकडे खोटे नाहीत. तीन लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात २०२० साली २६३ खून झाले. २०२४ पर्यंत ते १५० वर आले, पण एवढ्या वस्तीला तेही फार. मात्र दर लाखी प्रमाण काढले असेल, तर आधी भाजक पाहावा. १८७६ साली या शहराने आपल्या भोवतीच्या काउंटीपासून फारकत घेतली आणि हद्द कायमची आखून टाकली. काउंटीतल्या विरळ वस्तीवर आपला कर कशाला खर्च करायचा, हा त्यामागचा हिशेब. पुढे शंभर वर्षांत सुखवस्तू लोक हद्दीबाहेर राहायला गेले. आज सगळा महानगर परिसर धरला तर वस्ती २८ लाखांच्या घरात जाते, पण शहराच्या आकड्याला भागायला उरतात ते मधले तीन लाख. पुण्याचे गुन्हे मोजताना फक्त जुन्या पेठा धराव्यात आणि कोथरूड, औंध, हडपसर वगळावे, तसे हे झाले.

आणि त्या तीन लाखांतही एक वेस आहे. डेलमार नावाचा रस्ता. त्याच्या उत्तरेला बहुतांश कृष्णवर्णीय, दक्षिणेला बहुतांश गोरे. ही विभागणी आपोआप झालेली नाही. घरांच्या खरेदीखतांतच 'कृष्णवर्णीयांना विकणार नाही' अशी कलमे असत. ती न्यायालयांनी बजावू नयेत असा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा १९४८ चा प्रसिद्ध निकाल याच शहरातल्या एका घरावरून लागला. खुनांत बळी पडतात ते बहुतेक तिथले कृष्णवर्णीय, त्यातही तरुण मुलगे. ताईंच्या मुलीने जपून राहावे हे खरेच, पण तो आकडा मुख्यतः दुसऱ्याच कुणाच्या आईच्या काळजीचा आहे.

वेशीचा विषय निघाला की मस्कतला यावेच लागते. आपल्यापैकी बरेच जण रुवी, गुब्रा, अल-खुवैर या भागांत राहतात आणि त्यालाच मस्कत म्हणतात. जुने मस्कत म्हणजे राजवाड्याभोवतीचे, डोंगर आणि समुद्र यांच्या कुशीतले एवढेसे गाव. जमिनीच्या बाजूने त्याला पोर्तुगीज अमदानीत तट बांधला गेला. जलाली आणि मीराणी हे दोन किल्लेही मूळ त्यांचेच, सोळाव्या शतकाच्या अखेरचे. तटाला मोजके दरवाजे, त्यांतला मोठा तो बाब अल-कबीर. सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी मीराणीवर नगारा वाजे, तोफ होई आणि दरवाजे बंद. रायगडाची हिरकणी आठवली ना? इथे मात्र ही आख्यायिका नव्हती, १९७० सालापर्यंतचा रोजचा व्यवहार होता. दरवाजे लागल्यावर गावात हिंडायचे तर हातात पेटता कंदील हवा. विजेची बॅटरी चालत नसे, असे त्या काळच्या आठवणींत येते. मला वाटते, बॅटरीने वाट दिसते पण धरणाऱ्याचा चेहरा अंधारातच राहतो. कंदिलाने चेहराही उजळतो. आणि पहारेकऱ्याला हवा असे तो चेहरा.

अशा गावात चोऱ्या कमीच असणार. पण त्याच गावावर जलालीचा तुरुंग होता, आणि आत जे गेले त्यांचे हाल कुठल्याच आकड्यात बसले नाहीत. मत्रहमध्ये सूर अल-लवातिया ही व्यापारी खोजांची तटबंद वस्ती तर वेशीच्या आतली वेस. समुद्रकाठच्या रस्त्याने आपण नेहमी तिच्या दारावरून जातो.

तट होता म्हणून गाव सुरक्षित होते का? १८९५ च्या फेब्रुवारीत अंतर्भागातल्या टोळ्यांनी मस्कत घेतले, ते तट फोडून नव्हे. भेटीला आलेले पाहुणे म्हणून माणसे आत आली आणि रात्री उठली. सुलतान फैसल बिन तुर्की यांना जलाली किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. बाजार लुटला गेला. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हिंदी व्यापारी ब्रिटिश प्रजाजन होते, त्यामुळे त्यांच्या नुकसानीची भरपाई ब्रिटिशांनी सुलतानाकडे मागितली. शेजारच्या ओमानी दुकानदाराचा दावा मांडायला असा कोणी एजंट नव्हता. १८३९ च्या तहापासून ब्रिटिश प्रजाजनांचे खटले इंग्रजांच्या प्रतिनिधीकडे जात, आणि पुढे त्यांना कायदाही हिंदुस्थानातलाच लागू होई. एका गल्लीत दोन दुकाने, एकाच रात्री दोन्ही लुटलेली, आणि त्यांच्या मागे दोन वेगवेगळी सरकारे. त्या वेळी आपली माणसे वेशीच्या सोयीच्या बाजूला होती, हे कबूल केले पाहिजे.

पुणेकर म्हणून पुण्याचेही सांगायला हवे. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी होती आणि बंदोबस्त कोतवाल घाशीरामाकडे होता. याच बंदोबस्तात १७९१ साली तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट खोलीत रात्रभर डांबले गेले आणि वीसहून अधिक गुदमरून मेले. मग लोकांनी कोतवालालाच दगडांनी ठेचून मारले. चोरांची भीती घालवणारा माणूस हाच शहराचा सर्वांत मोठा धोका होऊन बसला होता.

आजचे मस्कत सुरक्षित आहे, हे मी नाकारत नाही. या वयात मी इथे पहाटे निर्धास्त फिरतो. पण १५ जुलै २०२४ च्या रात्री वादी कबीरच्या मशिदीवर गोळीबार झाला. चार पाकिस्तानी, एक भारतीय आणि एक पोलीस मारले गेले; हल्लेखोर तिघे सख्खे भाऊ, ओमानीच. "मस्कतमध्ये असं होऊच कसं शकतं?" हे वाक्य मी त्या आठवड्यात अनेकांकडून ऐकले. बाकी २०१२ साली या देशात अपघातांत हजाराहून जास्त माणसे मेली, तेव्हा असे कोणी विचारल्याचे आठवत नाही. पंगतीत रस्त्यांचा विषय निघाला तो रडारच्या दंडापुरता.

आता घरची गोष्ट. कामगाराचा पासपोर्ट मालकाने आपल्याकडे ठेवू नये, असे इथले परिपत्रक २००६ सालापासून आहे. मुलाच्या घरी कामाला असलेल्या बाईंचा पासपोर्ट मात्र दोन वर्षे आमच्या कपाटात, माझ्या पेन्शनच्या कागदांखाली होता. 'सुरक्षित राहील' म्हणून तिथे ठेवायला मीच सांगितले होते. त्या बाईंवर उद्या कोणी हात उचलला किंवा पगार बुडवला तर त्या पोलिसांत जातील का, आणि गेल्या नाहीत तर आकडा कोरा राहील म्हणून शहर सुरक्षित म्हणायचे का, हे मी वर्गात चाळीस वर्षे शिकवले असते. घरी सुचले नाही.

महाप्रसादाहून परतलो त्या रात्री कपाट उघडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओले हात ओढणीला पुसले, आतला आपला फोटो पाहिला आणि घाबरून विचारले, "साहेब, मला कामावरून काढताय का?"