बॉम्बे ब्लड ग्रुप: एक अक्षर, एक बिट

आजची गोष्ट आपल्याच शहराचं नाव लागलेल्या रक्तगटाची. आणि त्यात चक्क बिट्स येणार आहेत. हो, आपल्या फोनमधलेच.

साल 1952. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मुंबईत सापडलेल्या एका वेगळ्याच रक्ताबद्दल लिहिलं. साध्या तपासणीत ते 'ओ' दिसायचं, पण 'ओ' गटाच्या रक्ताशीही जुळायचं नाही. कारण काय? ए आणि बी हे अँटिजेन 'एच' नावाच्या पायावर बांधले जातात. 'ओ'वाल्यांकडे नुसता पाया असतो. या लोकांकडे पायाच नाही! त्यामुळे त्यांचं शरीर 'ओ' रक्तालाही परकं समजतं. चुकून चढवलं तर जिवावर बेततं.

मग पाया गेला कुठे? याचं उत्तर जीनमध्ये होतं, आणि ते वाचायला 1990चं दशक उजाडावं लागलं.

दरम्यान दुसरीकडे काय चाललं होतं? 1948 मध्ये क्लॉड शॅननने माहिती मोजायला बिट दिला. 1970 मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दोन प्रोटीनची अक्षरं एकाखाली एक जुळवायची पद्धत दिली. आपण गिटमध्ये डिफ बघतो ना, साधारण तसंच. पण प्रश्न उरतो: प्रत्येक बदल सारखाच गंभीर धरायचा का?

1991 मध्ये स्टीफन आल्टशुल यांनी दाखवलं की जुळणीचे गुण बिट्समध्ये मोजता येतात. 1992 मध्ये स्टीव्हन आणि जोर्जा हेनिकॉफ यांनी ब्लोसम तक्ते दिले. हिशोब सोपा आहे. नात्यातल्या प्रोटीन्समध्ये एक जोडी प्रत्यक्षात किती वेळा दिसते, भागिले नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसली असती. त्याचा बेस 2 लॉग घ्यायचा. ब्लोसम-62 मध्ये हे आकडे अर्ध्या बिटच्या मापात असतात. ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन: +2, म्हणजे एक बिट. ही जोडी योगायोगापेक्षा दुप्पट दिसते, कारण दोघं स्वभावाने सारखे.

आता परत मुंबईत या. 'एच'चा पाया बांधणारं एन्झाइम एफयूटी-1 हा जीन बनवतो. त्यात 365 अमिनो आम्लं. भारतातल्या बॉम्बे गटाच्या लोकांत नेहमी सापडणारा बदल असा: जीनच्या 725व्या जागी 'टी'ऐवजी 'जी'. एवढंच! त्याने 242व्या जागचं ल्यूसीन जाऊन आर्जिनीन येतं. पहिलं तेलकट, पाण्यापासून लांब राहणारं, तर दुसऱ्यावर विद्युतभार. ब्लोसम-62 मध्ये या जोडीला -2, म्हणजे उणे एक बिट. उत्क्रांतीने ही अदलाबदल योगायोगाच्या निम्म्यानेच टिकू दिली.

पण एक लक्षात घ्या. उणे एक बिट हा फक्त संशय आहे, पुरावा नाही. असे कितीतरी बदल निरुपद्रवी निघतात. बदललेलं एन्झाइम काम करत नाही हे प्रयोगशाळेत तपासावं लागलं. गणित सांगतं कुठे बघायचं, एवढंच.

आणि रुग्णाचा जीव वाचतो तो अजूनही ब्लड बँकेतल्या साध्या टेस्टने. रुग्णाचा सीरम 'ओ' पेशींशी मिसळून बघतात. गुठळी झाली की थांबायचं! मुंबईत हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, म्हणून असा दाता सापडला की त्याची नोंद सोन्याच्या मोलाची.

विक्रोळीहून स्लो लोकलने परळला उतरलात, तर केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे. रक्तगटांच्या अशा कोड्यांवर तिथे 1957 पासून काम चालू आहे.

तुमचा गट 'ओ' असेल तर घाबरू नका, बहुतेक 'ओ' खरोखर 'ओ'च असतात. रक्तदान मात्र करा. भेटू पुढच्या भागात!