एचआयव्ही : उपचारातच प्रतिबंध

एचआयव्हीची लागण झालेली व्यक्ती औषधासाठी दवाखान्यात येते. त्याच फेरीत तिच्याकडून संसर्ग पुढे जाऊ नये यासाठीची कामे उरकण्याच्या पद्धतीला उपचारातील प्रतिबंध म्हणता येईल. जोडीदाराची तपासणी, गुप्तरोगांवरील उपचार, निरोध, मूल हवे असल्यास त्याची आखणी, क्षयाची चौकशी ही त्यातली कामे. सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे गोळ्या न चुकता चालू ठेवून रक्तातला विषाणू दाबून ठेवणे. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा महाराष्ट्रातील प्रवास दिला असून खेड्यापाड्यांतील व्यवहार समजावा म्हणून गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुका समोर ठेवला आहे.

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ मध्ये चेन्नईत लागला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) १९९२ मध्ये स्थापन झाली. पहिली दहा-बारा वर्षे सरकारी दवाखान्यांत या आजारावर फुकट औषध नव्हतेच. त्यामुळे कार्यक्रमाचा सगळा भर ‘जोखमीच्या गटां’वर राहिला : वेश्याव्यवसायातील स्त्रिया, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर. लागण न झालेल्याला सावध करायचे, झालेल्याला सहानुभूती द्यायची, अशी ही वाटणी होती. बाधित माणूस स्वतःच प्रतिबंधाचा सर्वांत मोठा भागीदार होऊ शकतो, हा विचार त्या आखणीत बसत नव्हता. वाटणीतला दोष पुण्यात आकड्यांनी दिसला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांतील ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायात नव्हत्या, बहुतेक विवाहित होत्या, तरी त्यांच्यात लागणीचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. त्यांना धोका होता तो नवऱ्यापासून. महामार्गावरच्या जनजागृतीच्या फलकांनी आजाराला घराबाहेर उभे केले होते आणि घरातल्या बाईपर्यंत कोणताच संदेश पोचत नव्हता.

उपचार आणि प्रतिबंध जोडण्याची पहिली ठळक शिफारस जुलै २००३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अन्य संस्थांसह केली. तिचा गाभा साधा होता. डॉक्टरने प्रत्येक बाधित रुग्णाला लैंगिक व्यवहाराविषयी आणि सुईने नशा करण्याविषयी विचारावे, दोन शब्द सुरक्षिततेचे सांगावेत, जोडीदारांना तपासणीकडे वळवावे. भारतात हे करायला आधी रुग्ण नियमित दवाखान्यात यायला हवा होता, आणि तो यायला लागला १ एप्रिल २००४ नंतर, जेव्हा निवडक आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी (विषाणू दाबून ठेवणारा औषधोपचार) सुरू झाली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक.

पुढचा टप्पा विज्ञानाने गाठून दिला. नऊ देशांत, एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशा १,७६३ जोडप्यांवर झालेल्या ‘एचपीटीएन ०५२’ या चाचणीत पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही एक केंद्र होती. मे २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला : बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. म्हणजे गोळी हाच प्रतिबंध. भारतात तेव्हा ‘सीडी फोर’ या प्रतिकारशक्तीच्या पेशी ठरावीक संख्येखाली उतरेपर्यंत सहसा औषध सुरू होत नसे. ही मर्यादा आधी २०० होती, नंतर ३५०, मग ५०० झाली. एप्रिल २०१७ पासून ती उठली आणि निदान होताच औषध हे धोरण आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आणखी स्पष्ट सांगितले : चाचणीत विषाणू सापडतच नसेल आणि गोळ्या नियमित असतील, तर लैंगिक जोडीदाराला संसर्गाचा धोका शून्य, रक्ताच्या मिलीलिटरमागे विषाणूच्या १,००० पर्यंत प्रती असतील तर जवळजवळ शून्य.

आता सडक अर्जुनी. मुंबई–कोलकाता महामार्गावरचा, धानाचा आणि जंगलाचा हा तालुका. शेजारी नवेगाव–नागझिऱ्याचे रान. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात तो येतो. जिल्ह्याचे एआरटी केंद्र गोंदिया शहरात, कुंवर तिलकसिंह (केटीएस) रुग्णालयात. तालुक्यातल्या कोहमाऱ्यावरून एसटीने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, किंवा सौंदडहून रेल्वेने. ऐकायला अंतर थोडे, पण रोजी बुडवून, घरी कारण सांगून जायचे तर ते वाढते. शिवाय जिल्ह्याच्या दवाखान्याच्या रांगेत गावचे कोणी भेटेल ही धास्ती असते. काही जण याच भीतीने जवळचे केंद्र टाळून नागपूर गाठतात. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवरील तपासणी व समुपदेशन केंद्रे (आयसीटीसी) आणि त्यांना जोडलेली ‘लिंक एआरटी’ केंद्रे ही या अंतरावरची सरकारी तोड आहे. निदान आयसीटीसीत होते. तीन वेगवेगळ्या चाचण्या प्रतिक्रियाशील आल्या तरच अहवाल ‘पॉझिटिव्ह’ धरतात. पुढे नोंदणी आणि औषधाची सुरुवात एआरटी केंद्रात होते, आणि प्रकृती स्थिरावल्यावर गोळ्या जवळच्या लिंक केंद्रातून मिळू शकतात.

प्रतिबंधाचे काम प्रत्यक्षात होते ते समुपदेशकाच्या टेबलाशी. रुग्णाचे हिरवे पुस्तक समोर येते, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम यांची विचारणा ठरलेली, कारण एचआयव्हीसोबतचा क्षय हा जिवावरचा. घरच्या कोणाची तपासणी राहिली आहे, लघवीला जळजळ, जखम, पांढरे जाणे आहे का, निरोध संपले का, हे प्रश्न मात्र माणसे पाहून विचारले जातात किंवा राहून जातात. गर्दीच्या दिवशी पहिला बळी याच प्रश्नांचा जातो. गोळ्यांची मोजणी पुस्तकात दिसते, न विचारलेला प्रश्न दिसत नाही. गुप्तरोगाचा संशय आल्यास रुग्णाला सुरक्षा क्लिनिककडे (सरकारी गुप्तरोग चिकित्सालयाकडे) पाठवायचे असते. ते त्याच आवारात असेल तर तो जातो, दुसऱ्या दिवशी बोलावले तर बहुधा येत नाही.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातला विषाणू मोजण्याची, चाचणी २०१८ पासून सर्व रुग्णांसाठी मोफत झाली. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि नंतर दरवर्षी ती होते. अहवाल हजाराच्या वर आला तर समुपदेशन वाढवून चाचणी पुन्हा करतात आणि गरज पडल्यास औषध बदलतात. ही चाचणी केवळ औषध लागू पडते की नाही यापुरती वापरणे म्हणजे तिचा अर्धाच उपयोग करणे होय. ‘रिपोर्ट चांगला आहे’ एवढे ऐकून रुग्ण घरी जातो. त्या आकड्याचा अर्थ त्याच्या बायकोच्या सुरक्षिततेशी, होणाऱ्या मुलाशी जोडून सांगितला तर तोच कागद गोळ्या न चुकवण्याचे सर्वांत पटणारे कारण ठरतो. आकडा दबला म्हणून निरोध फेकायचा नाही, कारण इतर गुप्तरोग गोळीने थांबत नाहीत. पण ही पुस्ती जोडताना मूळची आनंदाची बातमी गिळली जाऊ नये.

आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणे हा या साऱ्या कामाचा सर्वांत यशस्वी भाग. काहीच न केल्यास हा धोका १५ ते ४५ टक्के असतो; औषधाने तो पाच टक्क्यांखाली येतो. सुरुवातीला प्रसूतीवेळी नेव्हिरापिन या औषधाची एकच मात्रा देत. २०१४ पासून बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराची तिहेरी औषधयोजना मिळते, बाळाला जन्मल्यापासून नेव्हिरापिन आणि सहाव्या आठवड्यात वाळलेल्या रक्तथेंबाची चाचणी; अंतिम निकाल अठरा महिन्यांनी. गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालय प्रसूतीचे आणि केटीएस एआरटीचे, म्हणजे एकाच बाईचे कागद दोन रुग्णालयांत फिरतात. गर्भारपणातल्या तपासणीने निदान झालेली स्त्री अनेकदा घरातली पहिली ‘सापडलेली’ ठरते आणि दोषही तिच्याच माथी मारला जातो, जरी विषाणू नवऱ्याकडून आलेला असला तरी.

जोडीदाराला कोणी आणि केव्हा सांगायचे, याचे उत्तर कायद्यात आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला थेट सांगू शकतो, पण काही अटींवर : धोका खरोखर मोठा असावा, रुग्णाला समजावून झालेले असावे, तो स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटलेली असावी आणि आपण सांगणार आहोत याची कल्पना त्याला दिलेली असावी. सांगितल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी वाजवी भीती असल्यास, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, सांगण्यास कायदा मनाई करतो. ही तरतूद नेमकी आहे. तिच्यामुळे समुपदेशकाचे काम सोपे होत नाही, पण ‘जोडीदार तपासला’ हा रकाना भरण्याच्या घाईत एखादी बाई रस्त्यावर येणार नाही, एवढा अडसर राहतो.

कोविडच्या काळापासून स्थिर रुग्णांना तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत रुळली. एकाच गोळीतील टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिरचे मिश्रण आल्याने गोळ्यांचा जाच कमी झाला. रोवणी, कापणी, तेंदूपत्त्याचा हंगाम किंवा परगावचे काम सांभाळणाऱ्याला या तीन महिन्यांच्या पुरवठ्याचा मोठा आधार आहे, आणि गोळ्या खंडित होण्याचे एक जुने कारण त्याने मिटवले. मात्र समुपदेशकाच्या वर्षातल्या भेटीही बाराच्या चार झाल्या. त्यातही हंगामात गोळ्या न्यायला घरचा दुसराच कोणी येतो. त्याच्याजवळ गोळ्या आणि पुस्तक देता येते. जखम आहे का, निरोध वापरता का, जोडीदार बदलला का, हे रुग्णाच्या भावाला विचारता येत नाही. त्या तीन महिन्यांत प्रतिबंधाचा सगळा भार एका गोळीवर असतो.