कला-व्यवस्थापनाची कुळकथा: सांगलीच्या दरबारापासून कोनच्या वसाहतीपर्यंत

कलावंताला निर्मितीची मोकळीक राहावी आणि तरीही एका निर्मितीचा खर्च भागून दुसरीला हात घालता यावा, यासाठी पैसा, माणसे, जागा आणि प्रेक्षक यांची सांगड घालण्याची जी विद्या, तिला आज कला-व्यवस्थापन म्हणतात. पाश्चात्त्य विद्यापीठांत ती स्वतंत्र विषय म्हणून रुजली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहून तिला सैद्धांतिक बैठक दिली. कारखान्यात यंत्रामुळे एका कामगाराचे उत्पादन वाढत जाते, परंतु तीन अंकी नाटकाला पूर्वी जितके नट आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो, आणि नटाचे मानधन मात्र बाकीच्या उद्योगांतील मजुरीच्या मागोमाग चढत राहते. त्यामुळे प्रयोगकलेतील तूट ही गैरकारभाराचे फळ नसून तिच्या रचनेतच असते, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि या सिद्धांताला पुढे ‘खर्चाचा आजार’ असे नाव पडले. महाराष्ट्रात ही विद्या वर्गात शिकवली जाण्याच्या शंभर वर्षे आधीपासून नाटक मंडळींच्या बिऱ्हाडात वाढत होती, आणि आश्रयदाता बदलला की तिचे रूपही बदलत होते.

तिचा आरंभ आश्रय तुटण्यापासून होतो. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने. तेथे खर्चाची चिंता दरबाराची होती आणि प्रेक्षक निमंत्रित होते. चिंतामणरावांच्या निधनानंतर, म्हणजे 1851 नंतर, मंडळी दौऱ्यावर निघाली आणि 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिचे खेळ तिकीट लावून झाले. तिकिटामुळे नाटकाचा जमाखर्च पहिल्यांदाच राजाच्या मर्जीवरून अनोळखी गिऱ्हाइकाच्या खिशावर आला, आणि नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, प्रवास व उतरण्याची सोय यांचा आगाऊ हिशेब करणारा माणूस मंडळीला आवश्यक झाला.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 1880 च्या ‘शाकुंतल’नंतर संगीत नाटकाला जी लोकप्रियता लाभली, तिच्यातून कंपनी ही संस्था आकाराला आली. कंपनी म्हणजे फिरते बिऱ्हाड होते: नट, साजिंदे, रंगपटातील माणसे आणि आचारी एकाच छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत, पगार महिन्याच्या हिशेबाने घेत, आणि प्रयोग झाला न झाला तरी कंपनीचा चुलखर्च चालूच राही. या बिऱ्हाडाचा कारभारी तो मॅनेजर; किर्लोस्कर नाटक मंडळीतील शंकर बापूजी मुजुमदार हे त्याचे ठळक उदाहरण, कारण त्यांनी कंपनीचा व्यवहार सांभाळलाच, शिवाय ‘रंगभूमी’ हे नाट्यविषयक मासिकही चालवले. मुक्काम कोठे टाकायचा, यात्रेचा हंगाम कोणत्या गावी गाठायचा, उधारी कोणाकडून उचलायची, हे निर्णय त्या काळी कोठे लिहून ठेवलेले नसत. शिकाऊ माणूस ते मॅनेजरच्या सहवासात उचली, जसा गवयाचा शागीर्द चीज उचलतो.

या पद्धतीचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही गंधर्व नाटक मंडळीच्या इतिहासात दिसतात. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी 1913 साली ही कंपनी भागीदारीत काढली. पुढे टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि भागीदारीचा परस्पर अंकुश सुटला. नटाची अभिरुची हीच मग खर्चाची मर्यादा ठरली, आणि ‘द्रौपदी’सारख्या 1920 च्या नाटकाच्या भव्य मांडणीने तर उत्पन्नाशी ताळमेळ उरू दिला नाही. कंपनी कर्जात रुतली आणि ते कर्ज गाऊन फेडण्यात बालगंधर्वांची उमेदीची वर्षे खर्ची पडली. प्रेक्षक भरभरून येत असताना कंपनी बुडू शकते, कारण लोकप्रियता ही जमेची बाजू असली तरी ती शिल्लक नव्हे, हा या प्रकरणाचा अर्थ. आणि कलावंताची थैली व संस्थेची थैली वेगळी ठेवणे हे कला-व्यवस्थापनाचे पहिले सूत्र मराठी रंगभूमीने असे किंमत मोजून मिळवले.

बोलपट आल्यावर बिऱ्हाडे मोडली आणि तिसरे रूप जन्माला आले. मो. ग. रांगणेकर यांच्या 1941 च्या ‘नाट्यनिकेतन’ने आटोपशीर पात्रसंख्येची कौटुंबिक नाटके आणली, पुढे मासिक पगाराची जागा ‘नाइट’ने, म्हणजे प्रयोगागणिक ठरलेल्या मानधनाने, घेतली, त्यामुळे प्रयोग नसेल त्या दिवशीचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. निर्मात्याच्या वतीने नाट्यगृहांच्या तारखा मिळवणारा, नटांच्या वेळा जुळवणारा आणि बसपासून बॅकस्टेजच्या चहापर्यंत सारे पाहणारा व्यवस्थापक आजही जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून छापला जातो. परगावी ‘कॉन्ट्रॅक्ट’ची रीत पडली: स्थानिक कंत्राटदार ठरलेली रक्कम मोजून अख्खा प्रयोग विकत घेतो, तिकिटे आपल्या जबाबदारीवर खपवतो आणि नफा-तोटा स्वतः सोसतो, म्हणजेच जोखीम निर्मात्याकडून त्या गावचा प्रेक्षक ओळखणाऱ्याकडे सरकते. बुकिंगच्या खिडकीत आसनांचा छापील ‘प्लॅन’ असे आणि विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीने फुली पडे. कोणत्या रांगा आधी भरतात आणि कोणत्या अखेरपर्यंत कोऱ्या राहतात, हे त्या कागदावरून वाचणारा माणूस पुढच्या प्रयोगाचे दर ठरवी.

चौथे रूप संस्थेचे. पुण्याच्या थिएटर अकादमीने 1974 पासून ‘घाशीराम कोतवाल’ हौशी कलावंतांच्या बळावर चालवून 1980 साली युरोपपर्यंत नेले, आणि 1985 ते 1994 या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने नाटककार व प्रादेशिक नाट्यसंस्था यांच्या विकासाच्या योजना राबवल्या. अनुदानाबरोबर प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि अहवाल हे लेखी व्यवहार आले, आणि तोंडी चालत आलेली विद्या कागदावर उतरू लागली. अलीकडे इंडिया थिएटर फोरमने ‘स्मार्ट’ नावाचा नाट्यव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम नाट्यगटांसाठी सुरू केला. कंपनी कायदा 2013 ने सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात कला व संस्कृतीचा समावेश केल्यामुळे उद्योगसमूह हा नवा आश्रयदाताही पुढे आला.

या अभ्यासाची कसोटी कोणती, हे पनवेलजवळच्या कोन गावावरून कळते. मुंबईच्या गिरणगावाने कामगार रंगभूमी पोसली. परळच्या दामोदर नाट्यगृहात आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांत गिरणीतला माणूस नट होता, आयोजक होता आणि तिकीट काढणारा प्रेक्षकही होता. 1982 च्या संपानंतर ती वस्ती विरत गेली, आणि 2016 साली गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी म्हाडाने कोन येथील 2,417 घरांची सोडत काढली. प्रेक्षक असा शहराच्या मध्यातून द्रुतगती महामार्गाच्या तोंडाशी सरकला असताना निर्मात्यांचे तारखांचे गणित मात्र अजून दादर, पार्ले आणि ठाण्याभोवतीच फिरते. पनवेलात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. कोनच्या कुटुंबाला तेथवर येण्या-जाण्याचा खर्च, रात्री परतीच्या वाहनाची सोय, आणि पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला असलेली वस्तू व सेवा कराची सूट हे सारे मांडून प्रयोगाची वेळ व दर ठरवणे, हा कला-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यासाठी खरा पाठ आहे. दरबार गेल्यावर भावे यांनी जे गिऱ्हाईक ग्रँट रोडवर शोधले, ते आता कोठे राहायला गेले आहे याची चौकशी करणे हे या विद्येचे मूळचेच काम असून, अभ्यासक्रमाने ते कोणालाही शिकता येईल असे केले, तरच मॅनेजरच्या पिढ्यांनी जमवलेले शहाणपण एका माणसाबरोबर संपणार नाही.