बिल्ला : हुकमाची खूण ते मताची खूण

राजगड-तोरण्याचा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. दि. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि चार वर्षांच्या आत भोर-वेल्ह्याची रयत मतदार झाली. 'बिल्ला' या शब्दाचा अर्थविस्तार याच स्थित्यंतराशी निगडित आहे.

कचेरीच्या शिपायाच्या पट्ट्यावरील पितळी बिल्ला ही हुकमाची खूण होय. 'चपराशी' ही संज्ञाही 'चपरास' या बिल्ल्यावरूनच आली. तिचे मूळ फार्सी 'चप' म्हणजे डावे व 'रास्त' म्हणजे उजवे.

प्रचाराचा बिल्ला निराळा. अमेरिकेत १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो रूढ झाला. छापील कागदावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा ठेवून दोन्ही पत्र्याच्या चकतीवर दाबीत, कडा मागे वळवीत व आत टाचणीची कडी बसवीत.

१९५१-५२ च्या निवडणुकीत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र ठेवून तिच्यावर चिन्ह लावीत. काँग्रेसची बैलजोडी भातशेती करणाऱ्या निरक्षरासही ओळखता येई. चिन्हांकित बिल्लाही असाच, अक्षरांवाचून कळणारा.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३० वे कलम मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ असे चिन्ह मिरविण्यास मनाई करते. शिपायाचा बिल्ला धन्याची सत्ता दाखवी. मतदाराचा बिल्ला मात्र केंद्राबाहेर उतरवावा लागतो, कारण तेथील निर्णय सर्वस्वी त्याचा असतो. शब्द तोच राहिला; त्यामागील धनी पालटला.