दुर्गंधी कवके, उष्णकटिबंधीय बेटांवरील

फॅलेसी या कवककुलातील ही भूछत्रे सडक्या मांसासारख्या किंवा विष्ठेसारख्या दर्पावरून ओळखली जातात. शिंगासारखा उभा दांडा व हा दर्प यांवरून इंग्रजीत त्यांना ‘स्टिंकहॉर्न’ म्हणतात. कुजक्या लाकडात आणि पालापाचोळ्यात पसरलेल्या तंतूंच्या जाळ्यावर, म्हणजे कवकजालावर, प्रथम अंड्यासारखे गोळे धरतात व त्यांच्या बुळबुळीत आवरणात अख्खा दांडा दाबून बसवलेला असतो. पुरेशी ओल मिळाली की त्याच्या पेशी पाणी शोषून ताणल्या जातात, आवरण फाटते आणि काही तासांत दांडा पूर्ण उंची गाठतो. टोकावरील तपकिरी-हिरवट चिकट लेपात बीजुके (बीजाचे काम करणारे सूक्ष्म कण) असतात. बहुतेक भूछत्रे बीजुके वाऱ्यावर सोडतात, पण ही कवके डायमिथिल ट्रायसल्फाइडसारख्या गंधकयुक्त संयुगांच्या वासाने माश्यांना बोलावतात आणि लेप खाऊन उडालेल्या माश्याच बीजुके दूर नेतात. घनदाट अरण्याच्या तळाशी वारा फारसा पोचत नाही, हे पाहता किळसवाणी वाटणारी ही योजना मोठी चतुर ठरते.

गिनीच्या आखातातील साऊं तोमे हे ज्वालामुखीजन्य बेट आफ्रिकेच्या मुख्य भूमीशी कधीच जोडलेले नव्हते. तेथे कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीच्या मोहिमेत सापडलेल्या एका जातीचे वर्णन डेनिस डेझार्डिन व ब्रायन पेरी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध करून तिला फॅलस ड्रूएसी हे नाव दिले. ही जाती लाकडावर वाढते, जेमतेम ५ सेंमी. भरते आणि तिचा जाळीदार पांढरा दांडा ताठ न राहता खाली वाकतो. नाव उभयचर-सरीसृपांचे अभ्यासक व मोहिमांचे प्रमुख रॉबर्ट ड्रूज यांच्यावरून दिलेले आहे. ‘फॅलस’ म्हणजे पुरुषलिंग हे ध्यानात घेतल्यास या गौरवात मिस्कीलपणाही पुरेसा आहे.

बेटांवरील अशा कवकांची नोंद मात्र बरीच जुनी आहे. मोलुक्का द्वीपसमूहातील आंबोन बेटावर राहिलेले निसर्गअभ्यासक रुम्फियस (मृत्यू १७०२) यांनी टोपीखालून झिरझिरीत जाळी सोडणाऱ्या जातीला ‘फॅलस डीमोनम’, म्हणजे भुतांचे लिंग, म्हटले. त्यांचा ग्रंथ मरणोत्तर, १७४१ ते १७५० या काळात छापला गेला. आज या जातीला फॅलस इंडुझिएटस म्हणतात, आणि लेप धुऊन वाळवलेले तिचे दांडे व जाळी चीनमध्ये सूपात आवडीने घालतात.

माश्या समुद्र ओलांडून बीजुके नेतील असे मानणे कठीण असले, तरी कुंड्यांतील माती ते काम सहज करते. हवाई बेटांवरही आढळणारे, तारामाशासारखे लाल भुजा पसरणारे आसेरोए रुब्रा हे मूळचे दक्षिण गोलार्धातील कवक १८२९ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या काचगृहात उगवले होते.